भट्टीचे दोन दिवस

वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. त्यातले दोन मागितले, तर काय राज्य मागितलं का? पण कोंडिराम खिल्लारेला ते दोन दिवस मिळवण्यासाठी दरवर्षी गणपती उठले की शेठच्या मागे लागावं लागायचं. बरं, स्वतःसाठी मागत होता म्हणावं तर तेही नाही. दोन दिवस हवे होते भट्टीसाठी.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर शेठचा गाळा. झाडं छाटायच्या कात्र्या तिथं बनतात. कात्रीची पाती भट्टीत लालभडक तापवायची आणि तेलात बुडवायची, म्हणजे पोलाद कडक होतं. भट्टी गॅसवरची, गॅस पाइपाने येतो. आठवड्याचे सातही दिवस ती धगधगत असते, आणि विझवली तरी आत हात घालण्याइतकी थंड व्हायला पुरा एक दिवस घेते. म्हणजे रविवारी दोन तासांत उरकून टाक, हा प्रकार तिच्या बाबतीत चालत नाही. इथली यंत्रं सांभाळण्याच्या बावीस वर्षांत हे त्याने शेठना किती वेळा सांगितलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. शेठ ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "चालू है ना? चलने दो."

चालू है ना! या तीन शब्दांनी कोंडिरामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चालू असलेलीच भट्टी माणसाला भाजते, बंद पडलेली कशाला भाजेल? याआधी तो दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता, तिथला उत्तम नावाचा सोबती त्याला रोज आठवायचा. तिथल्या भट्टीची ज्योत मध्येच विझली. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद व्हायला हवा, त्यासाठी बर्नरपाशी एक बोटभर लांबीची सळई असते, तिला ज्योत लागतेय की नाही ते कळतं. ती सळई कोणी वर्षानुवर्षं पुसलीच नव्हती. गॅस येत राहिला, आत भरत राहिला, आणि उत्तमने पुन्हा पेटवायला म्हणून बटण दाबलं. दोन्ही हात कोपरापर्यंत गेले त्याचे. वाचला, पण आता त्याची बायको त्याला घास भरवते. एका सळईवर दोन मिनिटं पॉलिश पेपर फिरवला असता तर माणूस स्वतःच्या हाताने जेवला असता!

तर शेठचा गाळा पूर्ण बंद राहायचा तो फक्त दसऱ्याला. नवमीला यंत्रं साफ करायची, दसऱ्याला त्यांची पूजा करायची, आणि पूजा होईपर्यंत एकही मशीन चालवायचं नाही, हा शेठच्या वडिलांपासूनचा नेम. ऑर्डर असली तर दिवाळीतही भट्टी पेटते, पण दसऱ्याचा नेम मोडत नाही. म्हणून कोंडिरामने दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस घट्ट धरून ठेवले होते. अष्टमीला सकाळी भट्टी विझवायची, नवमीला पोटात शिरायचं.

त्याचा स्वतःचा दसरा म्हणाल, तर तो वेगळा. माणूस हिंगोलीकडचा, बौद्ध. त्या दिवशी घरची सगळी पांढरे कपडे घालून विहारात जायची. कांता, त्याची बायको, दरवर्षी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवायची, आणि दरवर्षी तो शर्ट घडीसकट कपाटात परत जायचा. साहेब भट्टीत डोकं घालून बसलेले!

"या वर्षी नाही हं," त्याने कांताला वचन दिलं होतं. "नवमीलाच सगळं काम उरकतो. दसऱ्याला सकाळी गाळ्यात डोकावतो, बारीक ज्योत लावून लोकेशच्या हवाली करतो आणि दहा वाजता विहारात हजर. दुपारी बसने पश्चिमेला चौकच्या किनाऱ्यावर जाऊ, समुद्र बघू."

कांता म्हणाली, "बघू."

नवमीला त्याने खरंच काम उरकलं. गॅसचा मुख्य कॉक बंद करून त्यावर लाल फडकं बांधलं. बर्नर उतरवला, त्याच्या तोंडातली काजळी तारेच्या ब्रशने खरवडून काढली. हवा फेकणाऱ्या ब्लोअरची जाळी उघडली तर आत लोखंडाच्या भुग्याचा थर आणि त्यात कबुतराची पिसं. त्याने शिव्या घातल्या, कबुतराला आणि शेठला मिळून. ती बोटभर सळई चकचकीत केली, बर्नर परत बसवून त्याची चावी बंद ठेवली. मग साबणाचं पाणी कालवून जुन्या दाढीच्या ब्रशाने पाइपाच्या एकेका जोडाला लावलं. कॉक जरा सोडला. सहा जोड गप्प. सातव्यावर बारीक बारीक फुगे.

"लोकेश, इकडं ये. बघ."

लोकेश भट्टी चालवायचा. तिशीचा, दोन पोरांचा बाप, स्वभावाने गरीब. त्याने वाकून पाहिलं. "एवढंसंच तर आहे, काका."

"एवढंसंच? वर्षभर तू याच्या बाजूला उभा होतास!"

जोड आवळला, पुन्हा साबण लावला, फुगे थांबले. शेवटी भट्टीच्या आतलं काम राहिलं. दरवाज्याजवळच्या विटा कडेने उकलल्या होत्या. तिथं त्याने भट्टीचं खास सिमेंट भरलं, हाताने गुळगुळीत केलं. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीचं लाकूड झालं होतं. पण मनातून तो खूश होता. वर्षातून एकदाच व्हायचा, पण व्हायचा.

"लोकेश, हे सिमेंट आता नुसतं सुकू दे. दार उघडं ठेव, वारा लागू दे. उद्या मी बारीक ज्योत लावीन, ती तू हळूहळू वाढवत न्यायची. परवा सकाळी माल."

"हो काका."

आता पुढं जे झालं ते ऐकून कोणाही भल्या माणसाने कपाळावर हात मारावा.

दसऱ्याला सकाळी आठ वाजता कोंडिराम गाळ्यात आला तर दारातच पाय घसरला. फरशी ओली. लेथ मशीन ओलं, ड्रिल ओलं, पुसून लखलखीत. आणि भट्टी! बाहेरून चंदेरी रंग मारलेला, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक, ब्लोअरच्या तोंडावर झेंडूचा हा भला मोठा हार. आणि त्या उघड्या दारातून पाणी ठिबकत होतं. त्याने आत हात घातला. भट्टीच्या तळाला चार बोटं पाणी. कालचं सिमेंट अर्धं वाहून गेलेलं. विटांवर बोट दाबलं, बोटाला पाणी आलं.

"लोकेऽऽश!"

लोकेश हातातलं फडकं टाकून धावत आला. त्याचा चेहरा आनंदाने फुललेला. "काका, कशी दिसते? पहाटे पाचला आलो. सगळी मशीनं पाइपने धुतली. आपल्या शेठाणी, हंसाबेन, म्हणाल्या होत्या, या वर्षी आतून-बाहेरून स्वच्छ पाहिजे."

"भट्टी धुतलीस?"

"हो ना. आतली सगळी काजळी काढली धुऊन."

आता याला काय म्हणावं? शिवी द्यावी तर माणूस पहाटे पाचला उठून, भक्तीने, कोणी एक रुपया जास्त देत नसताना राबलेला. लोकांनी दसऱ्याला गाड्या धुतल्या, सायकली धुतल्या, याने भट्टी धुतली. तो खाली पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अरे, वीट पाणी पिते रे," शेवटी तो म्हणाला. "स्पंज आहे ती स्पंज! मी काल तुला काय सांगितलं? सुकू दे म्हणालो ना?"

"मला वाटलं सिमेंटला पाणी मारतात," लोकेश चाचरत म्हणाला. "आमच्या बिल्डिंगचं काम चाललं होतं तेव्हा रोज मारायचे..."

झालं. बिल्डिंगच्या सिमेंटला पाणी मारतातच. चूक म्हणावी तर शहाण्या माणसाची चूक.

त्याने हार काढला, तळाचं पाणी फडक्याने टिपून काढलं, सिमेंट पुन्हा भरलं आणि मनात हिशेब मांडला. ही आता आज पेटवून उद्या सकाळी चालणार नाही. आज दिवसभर, रात्रभर आणि उद्या संध्याकाळपर्यंत मंद ज्योतीवर वाळवायला हवी. म्हणजे एक दिवस जास्त. आणि एक दिवस जास्त हे शब्द शेठच्या समोर उच्चारायचे म्हणजे!

साडेअकराला शेठ आले. मागे हंसाबेन, हातात आरतीचं ताट. कोंडिरामने सगळं सांगितलं. शेठचा चेहरा उतरला.

"परसों कंटेनर जाने का है, कोंडिराम. कल सुबह माल डालनाच पडेगा."

"शेठ, ओली आहे."

"अरे तो जोर से जला ना! फुल आग लगा. दो घंटे में सूख जाएगी. इसमें क्या है?"

बाजूला उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. बरोबरच वाटलं सगळ्यांना. ओलं आहे तर जास्त आग, सरळ हिशेब! कोंडिरामला वाटलं, आपलं डोकं त्या चंदेरी भट्टीवर आपटून घ्यावं.

"टॉवेल आहे का शेठ, दोरीवर घालून सुकवायला? पाणी विटेच्या आत शिरलंय. एकदम तापवली तर त्याची वाफ होणार, आणि बाहेर यायला वाट नाही. वीट फोडून बाहेर येईल ती. तुकडे उडतील."

"बावीस साल में कभी उडे?"

"बावीस वर्षांत कधी कोणी धुतली नव्हती!"

त्याचा आवाज चढला. शेठच्या समोर असं कोणी बोलत नाही. शेठ लाल झाले, म्हणाले, "मुहूर्त बारा-दस का है. तेरे को नहीं जलाने का तो लोकेश जलाएगा."

लोकेशने कोंडिरामकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि जमिनीकडे पाहिलं. नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. घरी दोन पोरं. तो पेटवणार, बरोब्बर दारासमोर उभा राहून पेटवणार, आणि त्याच्या बाजूला आरतीचं ताट घेऊन या बाई उभ्या राहणार. शेठशी बोलण्यात अर्थ नव्हता. तो हंसाबेनकडे वळला.

"ताई, तुम्ही फुलका करता ना? तो फुगतो कशाने?"

हंसाबेन गोंधळल्या. "भाप से. अंदर का पानी."

"फुलका मऊ असतो म्हणून फुगतो. वीट फुगत नाही, ताई. ती फुटते. आणि भट्टीचं तोंड तुमच्याकडे आहे."

हंसाबेननी भट्टीच्या दाराकडे पाहिलं. दोन पावलं मागे सरकल्या. "ना बाबा ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मैं इसके सामने नहीं खडी रहूंगी. कोंडिरामभाई जैसा बोलते हैं वैसा करो."

जे बावीस वर्षं बोलून झालं नाही ते एका फुलक्याने झालं. शेठनी बाहेर जाऊन दोन फोन केले, कंटेनर एक दिवस पुढं ढकलला, परत आले आणि कोंडिरामकडे न बघता म्हणाले, "कल शाम. उसके बाद एक मिनट नहीं."

बारा दहाला कोंडिरामने बारीक ज्योत लावली. आरती झाली, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. दहा कधीच वाजून गेले होते. विहारात वंदना संपली असणार. आता ही ओली भट्टी लोकेशच्या हवाली करून जायची त्याची हिंमत नव्हती. दार बोटभर उघडं ठेवून तो समोर बसला. फटीतून पांढरी वाफ येत होती. दर अर्ध्या तासाने तो एक गार पातं त्या फटीपाशी धरायचा. पात्यावर थेंब जमले की अजून पाणी आहे असं समजायचं, आणि आच तेवढीच ठेवायची.

तीन वाजता कांता डबा घेऊन आली. पांढरी साडी, चेहरा गंभीर.

"सगळे विचारत होते तुम्हाला."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, यांची दुसरी बायको आजारी आहे. उशाशी बसलेत."

लोकेश फिसकन हसला आणि कोंडिरामचा चेहरा पाहून उठून बाहेर गेला. कांता खुर्ची ओढून बसली. तो जेवत असताना तिने पात्यावरचे थेंब पाहिले, वाफ पाहिली. लोकेशने भट्टी धुतल्याचं ऐकून तिनेही कपाळाला हात लावला. मग तिने विचारलं, "जोरात पेटवली असती तर फुटलीच असती ना? नक्की?"

कोंडिरामचा घास हातातच राहिला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं त्याला. "नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "कदाचित नुसती चीर गेली असती. कदाचित काहीच नाही. कदाचित लोकेश गेला असता."

"म्हणजे एवढं करून तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही ना! हेच तर!" तो ओरडलाच. "मी बरोबर होतो हे दाखवायला ती फुटायला हवी. आणि ती फुटू नये म्हणून मी इथं बसलोय. सांग, कोणाला आणि कसं पटवू?"

कांता डब्याचं झाकण लावून तिथंच बसून राहिली, दिवे लागेपर्यंत. चौकचा समुद्र राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्याने पातं धरलं, ते कोरडं निघालं. पाच मिनिटांनी पुन्हा धरलं, कोरडं. त्याने दार उघडून आत बॅटरी मारली. एकही चीर नव्हती. सिमेंट दगडासारखं बसलं होतं. मग त्याने गॅस वाढवला, पायरी पायरीने. एकदा मुद्दाम ज्योत विझवून पाहिली आणि मोठ्याने आकडे मोजले. चार म्हणेपर्यंत गॅस आपोआप बंद झाला. पुन्हा पेटवली. संध्याकाळी सातला पहिला माल बाहेर आला. लोकेशने पात्यावर कानस घासली, कानस नुसती घसरली. पातं पक्कं कडक.

"एक नंबर, काका!"

शेठ आले, कानस स्वतः घासून पाहिली. खूश झाले. कोंडिरामच्या पाठीवर थाप मारली. "देखा? कुछ नहीं हुआ. तू फोकट में टेन्शन लेता है, और सब को देता है."

सगळे हसले. लोकेशसुद्धा हसला. कोंडिरामने हातातलं फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं तरी पिळत राहिला.

"सुन, तेरे लिए अच्छी खबर है," शेठ म्हणाले. "हंसा को बहुत बुरा लगा. बोलती है, मेरी वजह से भट्टी धोयी, कोंडिरामभाई का त्योहार गया, उनकी घरवाली इधर बैठी रही. तो अगले साल से पूजा ऑफिस में रखेंगे. एक कैंची रख देंगे, उसकी पूजा. यहां न हार, न पानी, न कलर. तेरी झंझट खतम. तू आराम से अपने विहार जा."

कोंडिरामला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"आणि भट्टी?"

"भट्टी चालू रहेगी ना. बंद करने का कारणच नहीं."

"शेठ, मग मेंटेनन्स?"

"अरे, दो दिन खोल के निकला क्या?"

"गळती निघाली. सातव्या जोडाला."

"कस दिया ना? बस. वैसा ही संडे को दो घंटे में कर लेना."

दोन तासांत काय करणार? दोन तासांत ती बोट लावू देत नाही! सळई कधी पुसायची, जाळी कधी काढायची, विटा कधी बघायच्या? तोंडापर्यंत आलेलं सगळं त्याने गिळलं. हे तो बावीस वर्षं सांगत आला होता. हंसाबेनचा राग यावा तर तोही येईना. बाईंनी जीव लावून विचार केला होता, त्याच्या भल्याचाच.

"शेठ," तो म्हणाला, "पूजा इथंच ठेवा."

"क्या?"

"इथंच ठेवा. हार घाला, स्वस्तिक काढा, चंदेरी नाहीतर सोनेरी, पाहिजे तो रंग मारा. बाईंना सांगा, मला काही त्रास नाही. मी स्वतः झेंडू आणीन. पण पूजा इथून हलवू नका."

शेठ मग मोठ्याने हसले. "अरे, तू तो मानता नहीं! कब से मानने लगा?"

"मी नाही मानत, शेठ," कोंडिराम म्हणाला. "पण देवाशिवाय दुसऱ्या कोणासाठी तुम्ही भट्टी बंद करत नाही."